पहिली रायफल किती बोअरची?

संग्रामपूर तालुक्यात बंदूक म्हटली की लोकांच्या तोंडी पहिल्यांदा येते ती बारा बोअर. हे बारा म्हणजे इंच नव्हेत आणि मिलिमीटरही नव्हेत. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या बारा गोल गोळ्या करायच्या, आणि त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. व्यास भरतो सुमारे 18.5 मिलिमीटर. म्हणजे आकडा वाढला की नळी अरुंद होते. सोळा बोअर बारापेक्षा बारीक! रायफलीचा हिशेब मात्र सरळ आहे. ‘पॉइंट टू टू’ म्हणजे इंचाचे 22 शतांश, सुमारे 5.6 मिलिमीटर.

आपल्या देशात शिकारीच्या रायफलीचा रूढ झालेला आकडा 315, म्हणजे इंचाचे 315 सहस्रांश. तो कुठून आला? इंग्रजांच्या फौजेकडे 303 होती. तीच काडतुसं रयतेच्या हाती पडली तर उद्या ती आपल्यावरच उलटतील, ही सरकारची धास्ती. म्हणून फौजेचा बोअर लोकांना बंद, आणि त्याऐवजी 315. 1907 च्या सुमारास 450 बोअरवरही हिंदुस्थानात अशीच बंदी आली, तेव्हा विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी हत्ती-वाघाच्या शिकारीसाठी 465, 470, 475 असे शेजारचे आकडे घडवले. जगभर नावाजलेल्या या रायफली जन्माला आल्या त्या आपल्या लोकांच्या बंडाच्या भीतीतून! मला तरी हा बंदुकीच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण धागा वाटतो.

आता प्रश्न पहिल्यांदाच रायफल धरणाऱ्या पोराच्या कोवळ्या खांद्याचा. गोळी जेवढा संवेग घेऊन पुढे जाते, तेवढाच रायफल मागे घेऊन येते. निसर्ग इथे कोणालाही सूट देत नाही. चार किलोची रायफल धरा. 315 ची गोळी साधारण 16 ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे 600 मीटर. नुसत्या गोळीपुरता हिशेब केला तरी रायफल सेकंदाला जवळपास अडीच मीटर वेगाने खांद्यात शिरू पाहते. तेवढ्याच वजनाच्या पॉइंट टू टूचा मागे येण्याचा वेग सेकंदाला 20 सेंटिमीटरच्या आसपास. आणि 4.5 मिलिमीटरच्या हवेच्या रायफलीत, जिची शिशाची गोळी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची असते, तो उरतो दोनच सेंटिमीटर.

खांदा दुखतो हे त्यातलं लहान नुकसान. खरं नुकसान मनात होतं. दोन-चार जबर धक्के बसले की शरीर पुढचा धक्का ओळखू लागतं. चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा आखडतो आणि नेम सुटतो. एकदा लागलेली ही सवय मोडायला फार सराव करावा लागतो. जाणते शिकारीही आकड्याच्या मोठेपणाला भुलत नसत. 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला जी रिग्बी रायफल भेट मिळाली, ती 275 ची होती, म्हणजे उणीपुरी 7 मिलिमीटर.

पण शिकारीसाठी कुठला बोअर, हा प्रश्न इथे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मिटवला आहे. संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याच्या उत्तरेला सातपुड्यात पसरलेलं अंबाबरवा अभयारण्य 1997 साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 127 चौरस किलोमीटर, आणि आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. रानडुकरं आणि रोही तूर-हरभरा तुडवून जातात, शेतकरी रात्र रात्र जागल करतो, हे दुःख खरंच आहे. त्यावरचा इलाजही वनखात्याच्या परवानगीतूनच जातो. तो पोरासोरांचा छंद होऊ शकत नाही.

जंगलात आज वाघावर रोखली जाते ती बेशुद्धीच्या इंजेक्शनची बंदूक. तिचा बोअर 11 किंवा 13 मिलिमीटर, म्हणजे 315 पेक्षा मोठा. तरी दाबलेल्या वायूने तिच्यातला इंजेक्शनचा बाण जाणूनबुजून हळू सोडतात, कारण हाड मोडायचं नसतं. नळी मोठी म्हणजे मारा मोठा, या समजुतीला हे चोख उत्तर आहे.

मग तरुण हाताला काय द्यावं? 4.5 मिलिमीटर, निःशंकपणे. स्पर्धेच्या हवेच्या रायफलीच्या गोळीत सात-आठ ज्यूल ऊर्जा असते, 315 मध्ये अडीच हजारांच्या वर. पण अवघडपणा बघा: दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, मोहरीच्या दाण्याहून लहान! ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत याच प्रकारात जगज्जेता झाला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

पुढची पायरी पॉइंट टू टू. तिच्या नळीच्या आत पीळ कोरलेला असतो, दर 16 इंचांना एक फेरा. गोळी सेकंदाला 330 मीटर वेगाने निघते, म्हणजे ती सेकंदाला सुमारे 800 गिरक्या घेत जाते. त्या गिरकीमुळेच तिचं तोंड वाटेत भरकटत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवलं ते याच बोअरवर, पन्नास मीटरवरून; उभं राहून, गुडघ्यावर बसून आणि पालथं पडून.

2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. पॉइंट टू टूला लागतो. परवाना नको म्हणून हवेच्या रायफलीला खेळणं मात्र समजू नका. डोळा फोडायला सात ज्यूल पुष्कळ होतात. घरी रायफल आणलीत तर लक्ष्यामागे गोळी अडवणारा भक्कम आडोसा उभा करा, डोळ्यांवर चष्मा चढवा, मोठं माणूस जवळ असू द्या. आणि पोराला पहिल्याच दिवशी सांगा, तितर-लाव्यावर नेम धरायचा नाही. वाघाला आहे तोच कायदा त्यांनाही आहे.