हस्त ते विशाखा : डिंगोरे परिसरातला शरद

डिंगोरे आणि आसपासच्या गावांत ‘शरद ऋतू’ हा शब्द कोणी वापरत नाही. शरद असलाच तर कोणाच्या तरी नावात असतो. बोलण्यात येते ते ‘पाऊस उघडला’, ‘हस्त लागला’, ‘सुगी आली’ आणि अलीकडे सगळ्यांच्याच तोंडी बसलेले ‘ऑक्टोबर हीट’. पण ऋतूचे नाव नसले तरी ऋतूची दखल बारीक असते. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे या दोन महिन्यांत काय काय पाहतात, कशाच्या आधारावर बोलतात आणि त्यातले किती आज टिकते, हे गेली काही वर्षे मी जमेल तसे टिपत आलो आहे. हवामानशास्त्राचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. पंचांग, हवामान खात्याची प्रसिद्ध झालेली माहिती आणि पारावरचे बोलणे ही माझी साधने.

आधी जागा समजून घेतली पाहिजे. डिंगोरे कल्याण-नगर रस्त्यावर आहे. पश्चिमेला पिंपळगाव जोगे धरण, मढ आणि पुढे माळशेज घाट. पूर्वेला ओतूर, आळेफाटा आणि त्यापलीकडे नगरकडचा कोरडा मुलूख. घाटमाथ्यावर ढग रिते झाले की पूर्वेकडे थोड्या थोड्या अंतराने पाऊस उतरत जातो. त्यामुळे मावळतीला भातखाचरे, उगवतीला बाजरी-ज्वारी, आणि मध्ये धरणांच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी हा मधला पट्टा बदलून टाकला. ऑक्टोबरातला एकच पाऊस या तालुक्यात तीन ठिकाणी तीन प्रकारे मोजला जातो. दाण्यात आलेले भात तो आडवे करतो, रब्बी ज्वारीच्या रानाला ओल देतो, आणि नुकत्याच छाटलेल्या द्राक्षबागेत डाऊनी घेऊन येतो. ‘परतीचा पाऊस चांगला की वाईट’ हा प्रश्न इथे विचारायचा तर आधी ‘कोणाच्या बांधावर उभे राहून’ हे सांगावे लागते.

जुन्या माणसांचे मोजमाप नक्षत्रांचे. ही रोजची, म्हणजे चंद्राची नक्षत्रे नव्हेत. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते पावसाचे नक्षत्र. वर्षाला सत्तावीस, म्हणजे एकेकाच्या वाट्याला तेरा-चौदा दिवस. मृग ७-८ जूनला लागतो, उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास, हस्त २७ सप्टेंबरला, चित्रा १०-११ ऑक्टोबरला, स्वाती २४ ऑक्टोबरच्या आसपास आणि विशाखा ६-७ नोव्हेंबरला. चांद्र महिने अधिक मासामुळे मागेपुढे होतात, दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते. ही सौर नक्षत्रे मात्र इंग्रजी तारखेला चिकटून राहतात. शेतीसाठी चंद्र सोडून सूर्याचा हिशेब धरण्यात केवढे शहाणपण आहे, हे पंचांगाला नावे ठेवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

त्याच पंचांगातले ‘वाहन’ मात्र वेगळ्या जातीचे. हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव अशी नऊ वाहने. नक्षत्र लागते त्या वेळी सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे, आणि उरलेल्या आकड्यावरून वाहन ठरवायचे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस भरपूर, उंदीर-गाढव आले की बेताचा. हे निव्वळ गणित आहे, त्यात आभाळाकडे कोणी पाहिलेले नाही. गंमत अशी की गावातली जाणती माणसे वाहन आवडीने विचारतात, त्यावर हसतात, पण पेरणी किंवा काढणी त्यावर ठरवत नाहीत. ती ठरते वाफशावर आणि वाऱ्यावर. बाहेरून येणारा अभ्यासक वाहनालाच ‘पारंपरिक ज्ञान’ समजून लिहून नेतो आणि खरे ज्ञान बांधावर राहून जाते.

हस्ताचा हत्तीशी संबंध जोडला जातो तो मात्र वाहनामुळे नाही, शब्दामुळे. संस्कृतात हत्तीला ‘हस्तिन्’ म्हणतात, म्हणजे हात असलेला; सोंड हाच त्याचा हात. हस्त नक्षत्रात मुली हादगा खेळतात तेव्हा मध्ये हत्तीचे चित्र असते ते यामुळेच. शिवाय हस्ताचा पाऊस गडगडत येतो. आषाढातला पाऊस इथे फारसा गर्जत नाही, नुसता लागून राहतो. हस्ताचा दुपारनंतर दाटतो, विजा नाचवतो, तासभर कोसळतो आणि संध्याकाळी आभाळ मोकळे करून जातो.

हा फरक हवामानशास्त्राला धरूनच आहे. नैर्ऋत्य वारे मंदावले की जमिनीतली ओल, मोकळ्या आभाळातले ऊन आणि पूर्वेकडून येऊ लागलेला वारा यांच्या मेळातून दुपारचे उभे ढग तयार होतात. म्हणजे लोकांच्या मनातला हस्ताचा पाऊस हा मोसमी पाऊस सरल्यानंतरचा, वळवाच्या जातीचा पाऊस आहे. पण आता हे गणित हलले आहे. भारतीय हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य राजस्थानातून परतीची सुरुवात पूर्वी १ सप्टेंबरला धरत, ती १७ सप्टेंबरवर गेली. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर आली. जुन्या तारखांच्या काळात हस्त लागत होता तेव्हा मोसमी पाऊस निरोप घेत होता. नव्या तारखांप्रमाणे जवळजवळ संपूर्ण हस्त मोसमी पावसातच जातो. पाऊस उघडण्याची सीमा हस्ताच्या सुरुवातीवरून चित्राच्या दारात आली.

कोणी म्हणेल, नक्षत्रेही सरकतात, मग हे त्यातलेच. सरकतात हे खरे. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे सौर नक्षत्रे ऋतूंच्या तुलनेत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे जातात. वराहमिहिराच्या काळापासून, म्हणजे सहाव्या शतकापासून, हे अंतर वीस दिवसांच्या घरात जाते. म्हणून ‘अमुक नक्षत्रात अमुक पाऊस’ अशी आडाखेवजा वचने हजार-दीड हजार वर्षांची असतील यावर माझा विश्वास नाही. ती मधल्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा दुरुस्त करून घेतलेली असणार. पण शंभर वर्षांत नक्षत्र सरकते दीड दिवसाहूनही कमी, आणि मुंबईची परतीची तारीख सरकली नऊ दिवसांनी. नक्षत्रांच्या डोक्यावर हे खापर फोडता येणार नाही.

याची किंमत कुठे मोजावी लागते ते पाहायचे तर नारायणगाव पट्ट्यातल्या बागा पाहाव्यात. द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी होते. फळछाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल हाती येतो. कोवळी फूट आणि घड बाहेर पडण्याच्या दिवसांत पाऊस झाला की डाऊनी पसरतो आणि फवारण्यांचा खर्च अंगावर येतो. छाटणी लांबवावी तर माल उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. कांद्याच्या रोपवाटिकांचे असेच. ओतूरच्या बाजारात कांद्याच्या पिशव्या मोजणाऱ्या माणसाला हस्त आणि चित्रा यांतला पंधरवडा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

वाऱ्याची पारख हा या माणसांचा दुसरा छंद. छंदच म्हणायचे, कारण आता मळणीयंत्रे आल्यापासून त्याची पोटापुरती गरज उरलेली नाही. पूर्वी तिवईवर उभे राहून धान्य उपणायचे तर वारा कुठून आहे हे पाहावेच लागे. खळी गेली, सवय राहिली. पश्चिमेचा वारा पडला, दोन-चार दिवस पान हलेना, उकाडा वाढला आणि मग पहाटे उगवतीकडून गार झुळूक आली, की ‘वारा फिरला’. याला युरोपातली एक सुंदर जोड आहे. नेदरलँड्सच्या बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने १८५७ साली एक नियम मांडला : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की कमी दाबाचा प्रदेश डाव्या हाताला असतो. डिंगोऱ्याच्या माळावर जुलैत पाठीवर पश्चिमेचा वारा घ्या, डावा हात उत्तरेकडे, म्हणजे तापलेल्या वायव्य भारताच्या दिशेने जातो. नोव्हेंबरात पाठीवर उगवतीचा वारा घ्या, तोच हात दक्षिणेकडे, समुद्रावरच्या कमी दाबाकडे वळतो. उपणणाऱ्याला दाब ठाऊक नव्हता, पण पाठ कुठे करायची हे ठाऊक होते.

परदेशी नजरेला हा ऋतू फारसा दिसलेला नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. पंधराव्या शतकात बहामनी राज्यात आलेला अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पावसाळ्यात जुन्नरला अडकला होता. इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याचा आग्रह धरला, ती हकीकत प्रसिद्ध आहे. त्याने पावसाळ्याला चक्क हिवाळा म्हटले आहे : चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. घोडा परत मिळाल्यावर ऑगस्टमध्येच तो बिदरच्या वाटेला लागला, त्यामुळे जुन्नरचा शरद त्याला पाहायला मिळालाच नाही. पुढे शतकभराने गोव्यात आर्चबिशपच्या पदरी असलेला यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून पाच-सहा वर्षे राहिला. १५९६ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात गोव्याच्या ऋतूंचे वर्णन आहे, आणि तिथेही पावसाळा म्हणजे हिवाळा, तो सप्टेंबरात संपला की उन्हाळा. वाळूने बंद झालेले नदीचे मुख उघडून जहाजांची ये-जा सुरू होणे, ही त्याची खूण. व्यापाऱ्याला वर्षाचे दोनच भाग पुरतात : वाट बंद आणि वाट चालू.

खरे तर आपल्या जुन्या व्यवहारातही ही वाट उघडण्याची खूण मोठी होती. दसऱ्याचे सीमोल्लंघन, मराठ्यांच्या मोहिमांची सुरुवात, त्याआधी जुन्नरच्या लेण्यांतल्या भिक्षूंचा आश्विनात संपणारा वर्षावास, नाणेघाटातून पुन्हा वाहू लागणारे बैलांचे तांडे, सगळे एकाच हवामानावर बेतलेले. आज त्या जागी ऊसतोडीच्या टोळ्या येतात. दसरा-दिवाळीनंतर बीडकडची बिऱ्हाडे उसाच्या फडांशेजारी उतरतात, आणि तोड सुरू झाली की फडातल्या बिबट्याची पिल्ले उघड्यावर येतात. संध्याकाळी पारावर बसून आभाळ पाहण्याची सवय मोडायला टीव्हीपेक्षाही बिबट्याने जास्त हातभार लावला, असे माझे मत आहे. दिवस मावळला की म्हातारी माणसे घरात, आणि आभाळ पाहायला कोणी नाही.

लिन्सखोटेनच्या देशात आज चित्र अगदी निराळे आहे. डे बिल्ट इथल्या तापमानाची मासिक मालिका १७०६ पर्यंत मागे नेता येते. २००१ पासून वाखेनिंगेन विद्यापीठाच्या पुढाकाराने तिथे निसर्गाच्या दिनदर्शिकेचा उपक्रम चालतो. पहिले फूल, पहिले फुलपाखरू, पान पिवळे पडल्याचा दिवस सामान्य नागरिक कळवतात, आणि त्यातून ऋतू किती सरकला याचा हिशेब लागतो. आपल्याकडे झाडांसाठी ‘सीझनवॉच’ आहे, पण आपल्या म्हाताऱ्या माणसांपाशी जे आहे ते त्या तक्त्यांत बसत नाही, आणि वहीत तर मुळीच उतरलेले नाही. ते ‘यंदा’ आणि ‘गुदस्ता’ या दोन शब्दांत असते. तिसऱ्या वर्षी पुसले जाते.

उतरवावे असे खूप आहे. माळशेजच्या बाजूला सोनकी पिवळी होते तो आठवडा. तारेवर माळीने बसलेल्या पाकोळ्या आणि ओढ्याकाठी शेपटी हलवत आलेला धोबी. ऑक्टोबरातल्या मोकळ्या रानावर थव्याने तरंगणारे चतुर; यांतली एक जात याच उगवतीच्या वाऱ्यावर मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जात असावी, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. पहिले दहिवर पडले तो दिवस. आणि पाणी निवळले तो दिवस.

पाणी निवळण्याचा संबंध आपल्याकडे अगस्तीच्या ताऱ्याशी जोडतात. दिवसा सूर्याने तापवलेले, रात्री चंद्राने निववलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले शरदातले पाणी चरकसंहितेत ‘हंसोदक’ म्हणून गौरवले आहे. ताऱ्याने पाणी शुद्ध होत नाही. पाऊस ओसरतो, डोंगरउतारांना तोवर गवताने धरलेले असते, माती वाहायची थांबते, म्हणून ओढा निवळतो; आणि त्याच सुमारास अगस्ती पहाटेच्या आभाळात येतो. कार्यकारण चुकले, तरी खूण अचूक आहे.

ही खूण पाहायला वेगळे उठावे लागत नाही. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगाव पहाटे काकडा असतो, आणि त्याला जाणारी बहुतेक माणसे वयस्करच. डिंगोऱ्याच्या अक्षांशावर अगस्ती क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर येतो, म्हणजे दक्षिणेला डोंगर आडवा नसेल तेवढाच दिसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर पहाटे साडेपाचच्या सुमारास तो नेमका दक्षिणेला, आपल्या सर्वांत उंच जागी असतो. रोज चार मिनिटांनी लवकर येत येत, नोव्हेंबरच्या मध्यावर काकड्याच्या त्याच वेळेला तो नैर्ऋत्येकडे कललेला आणि बराच खाली गेलेला दिसतो. टाळ पिशवीत घालून देवळाच्या पायऱ्या चढणारी माणसे त्याच्याकडे एकदा बघतात आणि आत जातात. तोवर स्वाती सरून विशाखा लागलेली असते, आणि खाचरातले भात कापून पडलेले असते.