पडणारी भिंत पाहायची कोणी?

आमच्या जुन्या रुग्णालयातली लहान मुलांची गुरुवारची स्कोपी, म्हणजे श्वासनलिकेची दुर्बिणीने तपासणी, गेल्या महिन्यात बंद पडली. भूलतज्ज्ञ बाई निवृत्त झाल्या, जागा भरली नाही.

दबणाऱ्या श्वासनलिकेवरच्या उपचारांचा इतिहास तसा जुना. 1948 मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसने श्वासनलिका दाबणारी मोठी धमनी टाके घालून छातीच्या हाडाला बांधली आणि दबलेली नळी मोकळी झाली. त्यानंतरची तीसेक वर्षं आमच्याकडे नुसती ट्रॅकिऑस्टॉमीची, म्हणजे गळ्यात नळी बसवण्याची; त्यांवर काय लिहायचं?

आमचं दशक नव्वदीचं. स्वरयंत्रावरच्या लोंबत्या घड्या छाटून बाळाला गळ्यातल्या नळीपासून वाचवता येतं, हे तेव्हा आमच्यापर्यंत पोचलं. आमचे साहेब मात्र ‘मोठं झालं की सुटेल’ एवढं म्हणून फाइल मिटत. बहुतेकांचं सुटतंही, दीड-दोन वर्षांत. पण जे दूध पिताना निळं पडतं, ज्याचं वजन महिनोन्‌महिने हलत नाही, त्याने कशाच्या भरवशावर थांबायचं? याचं उत्तर साहेबांनी कधी दिलं नाही.

आणि श्वासनलिकाच मऊ असली, तर बाळ ‘दमा’ म्हणून यायचं. नेब्युलायझरने नळीच्या भिंतीतला उरलासुरला ताणही सैल व्हायचा, घरघर उलट वाढायची.

हे ओळखायला स्कोपी लागे. भूलतज्ज्ञ बाई हॅलोथेनची भूल अशी बेतून देत की बाळ झोपे, पण श्वास स्वतःचा घेई. दुर्बिणीतून दिसे: श्वास सोडताना मागची भिंत पुढे येते, कूर्चेची कमान चपटी होते, नळीची फट उरते. आम्ही घाई केली की बाई म्हणत, "थांबा हो, खोकू दे त्याला." स्नायू सैल करून व्हेंटिलेटर लावला, की दाबाने तीच नळी छान उघडी दिसते.

2013 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी थ्रीडी प्रिंटरवर केलेल्या, शरीरात विरघळणाऱ्या आधाराची बातमी आली. बाळाच्या श्वासनलिकेच्या फांदीला बाहेरून बसवलेला आधार! कौतुक आहेच. आता मागची भिंत कण्याच्या पुढच्या बाजूला टाके घालूनही धरतात. पण पुढची धमनी ओढून बांधायची की मागची भिंत कण्याला बांधायची, हे ठरवायला आधी नळी पडताना पाहावी लागते.

परवा एक रिपोर्ट हाती आला. सीटी व्हेंटिलेटरवर काढलेला, श्वासनलिका ‘नॉर्मल’. खाली सल्ला: इनहेलर चालू ठेवा.