सांधा सगळं सांगतो! फायबरच्या कॉर्व्हेटच्या पोटातल्या गमती

जुन्या गाडीच्या मालकाची झोप उडवतो तो गंज. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटला ती धास्ती नाही, निदान वरवर तरी. 1953 सालच्या पहिल्या गाडीपासून या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या अंगावर पत्रा नाहीच. मडगार्ड, बॉनेट, डिकी सगळं फायबरचं, म्हणजे काचेचे तंतू रेझिन नावाच्या राळेत घट्ट बसवून केलेलं. त्यामुळे यातला एखादा भाग बदलायचा तर वेल्डिंग, ठोकाठोकी वगैरे बाद. इथे कारभार कापण्याचा, घासण्याचा आणि चिकटवण्याचा. त्या चिकटवाचिकटवीतल्या या काही गमतीजमती.

घाईघाईत जन्म. 17 जानेवारी 1953 रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या ‘मोटोरामा’ प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि 30 जूनला मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कारखान्यातून तयार होऊन बाहेरही पडली! पत्र्यासाठी लागणारे अवजड डाय, म्हणजे साचे बनवायचे तर पैसा आणि वेळ दोन्ही जास्त. फायबरमध्ये दोन्ही वाचले. पहिल्या वर्षी गाड्या निघाल्या फक्त 300. सगळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून लाल. आवडीचा रंग निवडायची सोयच नव्हती.

जोड पाठीमागून. दोन भाग कडेला कड लावून ठेवायचे आणि मागून फायबरचीच एक पट्टी चिकटवायची, ही कारखान्याची पद्धत. या पट्टीला म्हणतात बाँडिंग स्ट्रिप. पुढची फट भरून, घासून, वर रंग मारला की सांधा गायब. पण कायमचा नव्हे. उन्हातान्हात काही वर्षं गेली की रंगाखालून त्याची पुसटशी रेघ डोकं वर काढते.

ओढाल तर फसाल. तुटकं मडगार्ड काढताना जोर लावून उपटायचं नसतं. आधी सांध्यापासून इंच-दोन इंच अंतर सोडून ग्राइंडरने कापायचं आणि मोठा तुकडा बाजूला करायचा. मग पट्टीवर उरलेली चिंचोळी कड हीट गनने तापवायची. जुना गोंद मऊ पडला की पातळ छिन्नी किंवा पुट्टीची पाती हळूच आत सारायची. कड सुटते, पुन्हा तापवायचं, पुन्हा सारायचं. उद्देश एकच, मागची मूळ पट्टी शाबूत राहावी. ती फाटली तर काम दुप्पट झालंच म्हणून समजा.

आधी दार, मग मडगार्ड. पत्रा नंतर ठोकून-वाकवून जुळवता येतो, फायबर तसं ऐकत नाही. म्हणून जाणकार कारागीर दार आणि बॉनेट जागेवर बसवूनच नवा भाग लावून बघतो, तोही गोंदाविना. चिमटे आणि तात्पुरते स्क्रू लावायचे, चहूबाजूंच्या फटी सारख्या आहेत का पाहायचं, काढायचं, घासायचं, परत लावायचं. सगळं मनासारखं जुळलं तरच गोंदाचा डबा उघडायचा. एकदा गोंद सुकला की वाकडं ते वाकडंच.

चेहरा तोच, गोंद वेगळा. कॉर्व्हेटची तिसरी पिढी 1968 ते 1982 चालली. पण 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं फायबर बदललं आणि ‘एसएमसी’ नावाचा नवा प्रकार आला. यात काचेचे तंतू, रेझिन आणि भराव यांची तयार चादर तापलेल्या डायमध्ये दाबतात. जुन्या फायबरवर छान बसणारं साधं पॉलिस्टर रेझिन एसएमसीवर नीट पकड घेत नाही. तिथे इपॉक्सी किंवा खास पॅनेल अ‍ॅडेसिव्ह हवं. गाडीचं साल न पाहता रेझिन कालवलं, तर काही काळाने सांधा सुटलाच.

हार्डनरचा हात आखडता. रेझिन सुकवणारा हार्डनर जपून घालावा, हे कोकणात फायबरची होडी बनवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. काचतंतूंची मॅट तीच, रेझिनही त्याच जातीचं. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के घालतात. हात सैल सुटला तर रेझिन इतकं तापतं की डब्यातूनच धूर निघतो. आणि हार्डनर व रेझिन लवकर सुकावं म्हणून घालतात ते कोबाल्ट कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो.

खाजेवर पावडर. फायबर घासलं की काचेची बारीक कुसळं अंगात शिरतात आणि दिवसभर खाज. मुरलेले कारागीर त्यावर एक घरगुती तोड काढतात. काम सुरू करण्याआधी हाताला भरपूर टाल्कम पावडर चोळायची आणि काम संपल्यावर गार पाण्याने धुवायचं. नाका-तोंडाला मात्र चांगला मास्कच हवा, तिथे पावडरीचा उपयोग नाही.

अँटेना डिकीत! रेडिओलहरी फायबरमधून आरपार जातात. म्हणून 1953 ते 1955च्या गाड्यांत अँटेना दिसतच नाही, तिची जाळी डिकीच्या झाकणातच दडवलेली असते. कुणी हौसेने नवं साधं झाकण बसवलं, की अँटेनाही गेली. या आरपार कारभाराचा तोटाही आहे. स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची खरखर बॉनेट अडवत नाही, थेट रेडिओत घुसते. म्हणून रेडिओ असलेल्या जुन्या कॉर्व्हेटच्या इंजिनावर डिस्ट्रिब्युटर आणि वायरींभोवती धातूची झाकणं असत.

अर्थिंग कुठे? साध्या गाडीत दिव्याची एक वायर पत्र्याला जोडली की काम भागतं. फायबरमधून वीज वाहतच नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक काट्याला अर्थिंगची वेगळी वायर लागते. नवं मडगार्ड बसवून दिवा लागला नाही तर बल्बला शिव्या देण्याआधी ही वायर तपासा.

गबाळं तेच अस्सल. कारखान्यात वेळ कुणाला होता? मडगार्डच्या आतल्या बाजूला सांध्यातून बाहेर ओघळलेला गोंद तसाच सुकलेला सापडतो. शौकिनांना हा ओघळ बघून कोण आनंद होतो! उलट आतले सांधे अगदी नीटनेटके असतील तर शंका घ्यावी. काही कारागीर तर जीर्णोद्धार करताना मुद्दाम असे ओघळ सोडतात.

खिडकीचा पश्चात्ताप. 1963च्या कूपेची, म्हणजे बंद टपाच्या गाडीची, मागची काच मधोमध दांड्याने दुभागलेली होती. मागचं दिसत नाही अशी ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी दांडा गेला. काही मालकांनी आपल्या 1963च्या गाडीचा दांडा कापून अखंड काच बसवून घेतली. आज दर आहे तो दांडेवाल्या गाडीलाच, त्यामुळे कापलेले दांडे पुन्हा चिकटवले जातात.

गंज आहे, पण आत. 1963पासून फायबरच्या आत पोलादी सांगाडा आला. त्याला नाव पडलं ‘बर्डकेज’, म्हणजे पक्ष्याचा पिंजरा. पावसाचं पाणी पुढच्या काचेच्या चौकटीत मुरतं आणि हा पिंजरा आतून सडतो. बाहेरचं फायबर मात्र ठणठणीत, कुणाला पत्ताच लागत नाही.

घेताना हे बघाच. लोहचुंबक इथे कामाचं नाही, कारण फायबरला ते चिकटणारच नाही. टॉर्च घ्या आणि मडगार्डखाली डोकं घाला. कारखान्याचा मूळ भाग सहसा दोन डायमध्ये दाबलेला असतो, म्हणून तो आतूनही गुळगुळीत लागतो. हाताने थापलेला नवा भाग मागून खरखरीत. सांध्यांमागच्या पट्ट्या जागच्या जागी आहेत का तेही पाहा. एखादी गायब असेल तर गाडी बहुधा कधीतरी आपटलेली आहे. पुढच्या काचेच्या पट्ट्या काढून आतला पिंजरा पाहू द्यायला विकणारा तयार नसेल, तर रंग कितीही चकचकीत असो, सौदा सोडून द्या.