कासवाच्या खोलीत रात्री अंधारच हवा!

दोस्तांनो, कासवाचं शरीर आपल्यासारखी ऊब तयार करत नाही. बाहेरून मिळेल तेवढीच! इंग्लंडमध्ये बरेच जण हरमन कासव पाळतात. ते मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. (आपल्याकडे मात्र स्टार कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, बरं का!)

दिवसा त्याच्या पेटीत दिव्याची ऊब असते. पण हिवाळ्यातल्या रात्री? दुकानदार लाल बल्ब दाखवतात, म्हणे कासवाला लाल दिसत नाही. साफ चूक! लाल टोमॅटो दिसला की स्वारी कशी लगबगीने निघते! झोपायला त्याला अंधारच लागतो. खालून तापणारी गादीही नको. फार उकडलं की कासव गारव्यासाठी मातीत शिरतं. तिथेच चटका बसला तर बिचाऱ्याने जायचं कुठे?

त्यापेक्षा वर टांगलेला सिरॅमिक हीटर बरा. ऊब भरपूर, उजेड शून्य. मात्र तो भयंकर तापतो, म्हणून होल्डर चिनीमातीचाच हवा, भोवती जाळी हवी आणि थर्मोस्टॅट तर हवाच हवा. अर्थात, खोली रात्रभर १५ अंशांच्या वर राहत असेल, तर धडधाकट मोठ्या हरमन कासवाला यातलं काहीच लागत नाही.