बिस्किटाचा पुडा आणि रिआऊची दलदल

वाण्याकडून आणलेला बिस्किटाचा पुडा उलटा करून पाठीवरची बारीक अक्षरे वाचली, तर मैदा आणि साखर यांच्या पाठोपाठ बहुधा पामतेलाचे नाव येते. फरसाण, अंगाचा साबण, गोठवलेली मिठाई अशा कितीएक जिनसांत तेच तेल निरनिराळ्या रूपांनी मुरलेले असते. रेशनकार्डावर पामतेल मोजून घेणाऱ्या पिढीला आपण काय खातो हे निदान ठाऊक होते. आज मात्र, हे तेल जगात सर्वांत अधिक आयात करणाऱ्या, दरसाल ७५ ते १०० लाख टन मागवणाऱ्या आपल्या देशातील शहरवासीयास त्याच्या मूळ मुलुखाची गंधवार्ताही नसते.

तो मुलूख मुख्यत्वे इंडोनेशिया व मलेशियाचा. तेलमाड हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. जावातील बोगोरच्या वनस्पतिउद्यानात १८४८ साली त्याची चार रोपे लावली गेली. याचा घड तोडल्यावर एक-दोन दिवसांत गिरणीत पोचला नाही, तर तेलाचे विघटन होऊन त्याची प्रत उतरते; म्हणून गिरणी बागेलगतच हवी, गिरणी चालण्यास हजारो हेक्टरांची बाग हवी आणि बागेस रस्ते हवेत, अशा क्रमाने अरण्याचे पट्टेच्या पट्टे तोडले गेले.

तरीही झाडाला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. ते हेक्टरी तीन टनांहून अधिक तेल देते, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. सरसकट बहिष्कार घातल्यास दुसऱ्या तेलासाठी अधिकच जमीन नांगराखाली येईल. ते लावले कोठे जाते, हे पाहिले पाहिजे.

सुमात्रा बेटावरील रिआऊ प्रांतात दलदलीच्या अरण्याखाली पीट नावाचा काळा, चोथ्यासारखा थर असतो. पाण्याखाली प्राणवायू न मिळाल्याने न कुजलेल्या पानामुळांचा तो हजारो वर्षांचा संचय, वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर चढत गेलेला. लागवडीसाठी चर खणून पाणी काढून दिले की हवा आत शिरते, थर कुजू लागतो, जमीन वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर खचते, आणि कोरड्या ऋतूत लागलेली आग भूपृष्ठाखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे २०१५ साली इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जमीन जळाली. आद्य अरण्य व पीटभूमी यांवरील नव्या परवान्यांना २०११ साली घातलेली मनाई तेथील सरकारने २०१९ साली कायम केली, हे उत्तमच झाले. परंतु जुने चर बुजवल्याविना खचणे थांबत नाही.

प्रत्येक पुड्यावर उत्पादकाचा पत्ता छापलेला असतो. यातले तेल कोणत्या भूमीवरचे, असे वाचकांनी त्या पत्त्यावर अवश्य लिहून विचारावे.