वीस हजार लोकांना नको असलेला गोलकीपर!

एक कोडं घालू? बघ हं, वाटतं तेवढं सोपं नाहीये!

इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटी नावाचा फुटबॉल क्लब आहे. आकाशी निळी जर्सी! टीव्हीवर पाहिलीही असशील. फार वर्षांपूर्वी या क्लबमध्ये एक खेळाडू होता. तो तिथे ५४५ सामने खेळला. सांग बरं, त्याने गोल किती केले असतील?

शंभर? दोनशे?

एकही नाही!

बरं, मग त्याने क्लबला खूप चषक जिंकून दिले असतील? छे! मोठा चषक एकच. उलट तो असताना क्लब दोनदा घसरून खालच्या विभागात गेला. आणि तरीही सिटीचे पाठीराखे आपल्या सर्वांत लाडक्या खेळाडूंमध्ये त्याचं नाव घेतात. त्याला म्हणतात क्लबचा लेजंड!

आहे की नाही गंमत?

आधी हे लेजंड प्रकरण काय आहे ते पाहू. तुमच्या वर्गाचा मॉनिटर कोण, हे बाई ठरवतात. पण मधल्या सुट्टीत ज्याच्या शेजारी बसून डबा खायला सगळ्यांची धडपड चालते, त्याला कोण नेमतं? कुणीच नाही! ते आपोआप ठरतं. क्लबचंही तसंच असतं. कर्णधार क्लब नेमतो. महागडा खेळाडू क्लब विकत आणतो. पण लेजंड? तो फक्त पाठीराखेच ठरवतात. उन्हातान्हात, पावसात, संघ हरत असतानाही मैदानाच्या पायऱ्यांवर उभे राहणारे लोक!

कधी कधी ते सोपं असतं. इटलीतल्या रोम शहरात फ्रान्चेस्को टोट्टी जन्मला, तिथल्याच रोमा क्लबकडून १९९३ मध्ये पहिला सामना खेळला, आणि २०१७ पर्यंत दुसऱ्या कुठल्याच क्लबकडे गेला नाही. तीनशेहून जास्त गोल! घरचाच मुलगा. त्याच्यावर लोकांनी जीव टाकला यात नवल ते काय?

पण आपला गोलकीपर घरचा नव्हता. तो तर शत्रूकडून लढलेला सैनिक होता!

हो, खराखुरा शत्रू.

त्याचं नाव बर्नहार्ड ट्राउटमान. जन्म १९२३ चा, जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातला. तो लहान असतानाच जर्मनीवर हिटलरची सत्ता आली. हिटलरने लक्षावधी ज्यू लोकांचा छळ केला, त्यांना ठार मारलं. सगळ्या युरोपाला युद्धात लोटलं. बर्नहार्ड लहानपणी हिटलरच्या मुलांच्या संघटनेत वाढला आणि सतराव्या वर्षी सैन्यात गेला. विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारणारा सैनिक झाला तो. कित्येक वर्षं लढला. त्याने जे पाहिलं, त्यातलं बरंचसं मी तुला तू मोठं झाल्यावर सांगेन.

युद्ध संपत आलं, तेव्हा ब्रिटिश सैनिकांनी त्याला पकडलं. आणि पकडल्या पकडल्या काय विचारलं म्हणे, माहितीये? चहा घेणार का! ही गोष्ट इंग्लंडमध्ये अजून हसत हसत सांगतात.

मग त्याला कैदी म्हणून इंग्लंडला नेलं. तिथल्या ॲश्टन नावाच्या गावाजवळ कैद्यांची छावणी होती. दिवसभर काम, आणि रिकाम्या वेळात? फुटबॉल!

आता कान इकडे कर. बर्नहार्ड तेव्हा गोलकीपर नव्हताच! तो मैदानात पळणारा खेळाडू होता. एका सामन्यात त्याला दुखापत झाली. पळता येईना. तो गोलकीपरला म्हणाला, तू जा पुढे, मी उभा राहतो गोलात. आणि गेला उभा राहायला... तो तिथलाच होऊन गेला! त्या दिवशी पाय दुखला नसता तर ही गोष्टच घडली नसती.

१९४८ मध्ये त्याला घरी परत जायची मोकळीक मिळाली. तो गेला नाही. शेतावर राबला, युद्धात न फुटलेले बॉम्ब काढण्याच्या कामावर राहिला, आणि सेंट हेलेन्स या गावाच्या छोट्या संघात गोल अडवत राहिला. बर्नहार्ड म्हणताना इंग्रजांची जीभ अडखळे, म्हणून त्यांनी त्याला बर्ट करून टाकलं. या बर्टला बघायला गर्दी वाढू लागली. ही बातमी मँचेस्टरला पोचली. आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला आपल्या संघात घेतलं!

टाळ्या?

अं हं. टाळ्या नाहीत. आरडाओरडा!

लोक का चिडले, ते नीट समजून घे हं. १९४० च्या नाताळच्या तोंडावर जर्मन विमानांनी मँचेस्टरवर बॉम्ब टाकले होते. घरं कोसळली, माणसं मेली. कुणाचा मुलगा युद्धातून परतलाच नव्हता. या सगळ्याला दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती. आणि आता आपल्या लाडक्या क्लबच्या गोलात एक जर्मन सैनिक? सुमारे वीस हजार लोक निषेधाला रस्त्यावर आले, असं सांगतात. वर्षभराची तिकिटं काढणाऱ्यांनी मैदानात पाऊल ठेवणार नाही म्हणून बजावलं. मला त्यांचा राग मुळीच येत नाही. त्यांचं दुःख खरं होतं.

अशा वेळी दोन माणसं पुढे आली. मला विचारशील तर या गोष्टीतले खरे हिरो हेच!

पहिला, सिटीचा कर्णधार एरिक वेस्टवूड. तो स्वतः जर्मनांविरुद्ध लढलेला सैनिक! त्याने बर्टचं स्वागत केलं आणि सांगितलं, की खेळाडूंच्या खोलीत युद्ध चालत नाही.

दुसरा माणूस ओळख पाहू! जर्मनांवर सर्वांत जास्त राग धरायचा हक्क कुणाला होता? ज्यू लोकांना. आणि हे दुसरे गृहस्थ होते मँचेस्टरमधल्या ज्यू लोकांचे धर्मगुरू, डॉ. अलेक्झांडर आल्टमान! ते स्वतः १९३८ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले. त्यांनी वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहिलं. देशाने केलेल्या गुन्ह्यांची शिक्षा एकट्यादुकट्या माणसाला देऊ नका, त्याला एक संधी द्या, असा त्याचा आशय होता. विचार कर जरा. ज्यांच्या लोकांनी सर्वांत जास्त सोसलं, त्यांनीच हे लिहावं!

पत्राने राग थोडा निवला. पण नुसत्या पत्राने कुणी लेजंड होत नाही. आता सगळं बर्टच्या हातात होतं. अगदी खरंखुरं हातात!

दुसऱ्या शहरांतले प्रेक्षक तर त्याला शिव्या घालत. जानेवारी १९५० मध्ये सिटीचा सामना लंडनला होता, फुलहॅम क्लबशी. लंडननेही जर्मन बॉम्ब खाल्लेले. सगळं मैदान बर्टवर ओरडत होतं. त्यातून सिटीचा संघ त्या वर्षी इतका ढेपाळलेला, की आज गोलांचा पाऊस पडणार असंच सगळ्यांना वाटत होतं. चेंडूमागून चेंडू आले. बर्ट डावीकडे झेपावला, उजवीकडे झेपावला, वर उडाला, खाली लोळला. शेवटी झाला फक्त एक गोल! सिटी हरली. पण सामना संपल्यावर काय झालं असेल? मघाशी ओरडणारे प्रेक्षक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. दोन्ही संघांचे खेळाडू दोन रांगा करून उभे राहिले, आणि मधून बर्ट चालत गेला!

हरलेला गोलकीपर हं! जिंकलेला नव्हे.

मग शनिवारमागून शनिवार गेले. बर्ट खेळत राहिला. त्याची एक युक्ती तर भारीच होती. त्या काळी चेंडू हातात आला की गोलकीपर काय करायचे? सणसणीत लाथ मारून लांब उडवायचे. चेंडू कुठे पडेल, कुणाला मिळेल, देव जाणे! बर्ट मात्र लहानपणी जर्मनीत हँडबॉल खेळलेला. त्याचा हात म्हणजे गोफणच! हंगेरीच्या गोलकीपरला चेंडू हाताने फेकताना पाहून तो म्हणाला, हे तर मलाही जमेल. तो चेंडू लांबवर फेकायचा, थेट आपल्याच खेळाडूच्या पायाशी. म्हणजे गोल अडवला, की पुढच्याच क्षणी आपला हल्ला सुरू!

आणि मग आला ५ मे १९५६. लंडनचं वेम्ब्ली मैदान, एक लाख प्रेक्षक, एफए कप नावाच्या मोठ्या चषकाचा अंतिम सामना. सिटी विरुद्ध बर्मिंगहॅम. सिटी ३-१ ने पुढे होती. सतराएक मिनिटं उरलेली. बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी चेंडू घेऊन सुसाट आला. बर्टने सरळ त्याच्या पायांवर झेप घेतली. चेंडू पकडला! पण मर्फीचा गुडघा धाडकन त्याच्या मानेवर बसला. बर्ट बेशुद्ध पडला.

आज असं झालं तर बदली खेळाडू येतो. तेव्हा बदली खेळाडू नसायचेच! इंग्लंडच्या लीगमध्ये ते १९६५ मध्ये सुरू झाले. बर्ट शुद्धीवर आला, डुगडुगत उभा राहिला आणि परत गोलात गेला. डोळ्यांसमोर सगळं धूसर. तरी आणखी चेंडू अडवले! सिटी जिंकली. पदक देताना राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनाही दिसलं, की याची मान वाकडी आहे. बर्टला वाटलं, लचकली असेल.

चौथ्या दिवशी एक्स-रे काढला. मान मोडली होती!

थांब, आता तुझाच हात मानेच्या मागे ने. मधोमध टणक गाठी लागतात? ते मणके. मानेत असे सात असतात. (जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच बरं का! फक्त प्रत्येक मणका लांबलचक.) त्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. हाताला उचल, पायाला पळ, हे मेंदूचे निरोप त्यातूनच जातात. आता मान हलवून नाही, नाही म्हण. वरचा पहिला मणका दुसऱ्या मणक्याभोवती फिरतो, म्हणून हे जमतं. आणि बर्टचा नेमका हा दुसरा मणकाच मधोमध चिरला होता! एकूण पाच मणके जागचे सरकले होते.

मग तो वाचला कसा? वर्गातलं डुगडुगणारं बाक तू कधी स्थिर केलंयस? पायाखाली कागदाची घडी खुपसली की झालं! अगदी तसंच. सरकलेला तिसरा मणका चिरलेल्या दुसऱ्याला घट्ट अडकून बसला. त्यामुळे चिरलेला मणका हललाच नाही. जरासा हलला असता, तर जिवावरच बेतलं असतं. (तू मात्र मानेला लागलं तर अजिबात हलायचं नाही हं, आधी मोठ्यांना हाक मारायची! आज डॉक्टर बर्टला एक मिनिटही खेळू देणार नाहीत, आणि ते अगदी बरोबर आहे.)

कित्येक महिने प्लास्टर. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बर्ट पुन्हा गोलात हजर!

तुला वाटेल, मान मोडली म्हणून तो लेजंड झाला. सगळे असंच सांगतात. पण एक तारीख मला फार आवडते. इंग्लंडमधले फुटबॉल पत्रकार दरवर्षी वर्षातला उत्तम खेळाडू निवडतात. १९५६ मध्ये त्यांनी बर्टला निवडलं. हा मान मिळवणारा तो पहिलाच गोलकीपर! आणि कधी निवडलं? त्या अंतिम सामन्याच्या आधी! मान धड होती तेव्हाच! म्हणजे लोकांनी त्याला आपलं मानलं, ते त्या सतरा मिनिटांमुळे नव्हे. त्याआधीच्या साध्यासुध्या सामन्यांमुळे. चिखलातले, कंटाळवाणे, हरलेलेसुद्धा. दर शनिवारी तो गोलात उभा असायचा आणि लोक त्याला बघत असायचे. बघता बघता तो जर्मन सैनिक दिसेनासा झाला आणि आपला बर्ट दिसू लागला.

१९६४ मध्ये बर्ट निवृत्त झाला. एप्रिलमध्ये त्याच्या निरोपाचा खास सामना ठेवला. अधिकृत आकडा ४७,००० प्रेक्षकांचा! निषेधाला आले होते त्याच्या दुपटीहून जास्त.

समोर पाहुणा संघ होता, त्यात स्टॅन्ली मॅथ्यूज आणि टॉम फिनीसारखे दिग्गज. पण खरी धमाल बर्टच्या संघात होती. मँचेस्टरमध्ये दोन मोठे क्लब आहेत, सिटी आणि युनायटेड. दोघांचं जुनं भांडण. एकाच घरात एक भाऊ निळा आणि एक लाल असला, तर सामन्याच्या दिवशी जेवताना अबोला! पण त्या दिवशी? सिटी आणि युनायटेडचे खेळाडू मिळून एकच संघ! युनायटेडचे बॉबी चार्ल्टन आणि डेनिस लॉ चक्क सिटीच्या माणसासाठी खेळायला उतरले.

आणि या संघाचा कर्णधार कोण होता? ओळखलंस ना!