हरिश्चंद्रगडावरचा मुक्काम

हरिश्चंद्रगडावर राहायला जाणाऱ्याच्या पाठीवर काय आहे, यावरून त्याचा काळ ओळखता येतो. ऐंशीच्या दशकात कॅनव्हासच्या सॅकमध्ये तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, बाहेरून काळं पडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि तीन सेलची बॅटरी असायची. पुढे कॅरीमॅट आणि स्लीपिंग बॅग आली, मग डोक्याला लावायचा दिवा आणि घडीचा तंबू. आज पुष्कळांच्या पाठीवर एक हलकी पिशवी असते. तंबू, अंथरूण, जेवण, सगळं वर तयार मिळतं. या बदलातलं बरंचसं चांगलं आहे. त्याचा भार कोणी उचलला, हे मात्र मांडायला हवं.

गड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात येतो. पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमाही त्याच्या आसपासच भिडतात. उंची साधारण 1424 मीटर. मुंबईकरांची जुनी वाट कल्याणहून. माळशेज घाट चढून आलेली एसटी खुबी फाट्यावर सोडायची, तिथून धरणाच्या कडेनं खिरेश्वर गाव आणि मग तोलार खिंडीचा चढ. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. तिथं टेकून दम खाल्ला की पुढचा कातळटप्पा यायचा. तिथं आज रेलिंग आहे, तेव्हा हाताला कातळच लागायचा. त्यानंतर चढउतारांची आणि जंगलाची लांबलचक चाल. धुक्यात वाट चुकून रात्र रानात काढल्याच्या गोष्टी त्या काळच्या प्रत्येक गिर्यारोहण संस्थेत ऐकायला मिळतात. रात्री-अपरात्री हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ समोर आलं की चालणाऱ्यांच्या तोंडून आपोआप जयजयकार निघायचा.

देवळाच्या परिसरातल्या लेण्यांनी शेकडो वर्षं माणसांना निवारा दिला आहे. चांगदेवांनी इथं तप केलं आणि ‘तत्त्वसार’ इथंच रचलं, अशी परंपरा आहे. डोंगरभटक्यांचा आवडता मुक्काम म्हणजे गणेशगुहा. अंग टाकायला कोरडी जमीन, बाहेर पुष्करणी, जवळच केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेइतकं गारठलेलं पाणी आणि त्यात उभं असलेलं शिवलिंग. तिथल्या चार खांबांपैकी एकच आता छतापर्यंत टिकून आहे. जागा एकच असल्यानं चार ठिकाणांहून आलेले गट एकाच गुहेत झोपत. एकाची खिचडी करपली तर दुसऱ्याच्या पातेल्यातून वाटा निघे. पाणी कुठल्या टाक्याचं प्यायचं आणि कुठल्या टाक्यात पायही बुडवायचा नाही, हे आधी आलेला नंतर येणाऱ्याला सांगे.

चूल मात्र रानाच्या जिवावर पेटत होती. तीन दगड मांडायचे आणि आसपासचं सुकं लाकूड गोळा करायचं, ही तेव्हाची सर्वमान्य रीत होती. माणसं थोडी होती तोवर रानानं ते सोसलं. आठवड्यामागून आठवडे गट येऊ लागले तशी वाळकी काटकी देवळापासून लांब-लांब सरकत गेली. मग कारवीच्या काठ्यांवर हात पडू लागला. कारवी दिसायला नुसतं झुडूप आहे. सात वर्षांतून एकदा निळ्या-जांभळ्या फुलोऱ्यानं डोंगर झाकणारी हीच कारवी उतारावरची माती धरून ठेवते. तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी गावाला लागतात. शहरातून आलेल्यांच्या शेकोटीसाठी ती उगवलेली नव्हती.

1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य जाहीर झालं. सुमारे 361 चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे. शेकरू, बिबट्या, भेकर, हिरडा-बेहडा-जांभळाची झाडी आणि त्यात पिढ्यान् पिढ्या राहणारी महादेव कोळ्यांची गावं, हे सारं त्यात आलं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अभयारण्यातला प्रवेश परवानगीच्या चौकटीत बसवला आहे. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं विस्तव पेटवायलाही त्यात मनाई आहे. गडावर मुक्कामाला येणाऱ्या बहुतेकांना हे कलम माहीत नव्हतं, आजही नाही. हिरडा वेचणाऱ्या, लाकूडफाटा आणणाऱ्या गावकऱ्यांना अभयारण्याच्या अटी पहिल्या दिवसापासून जाणवल्या. वर कड्यावर शेकोटीभोवती गाणी म्हणणाऱ्यांपर्यंत त्या पोचायला फार वर्षं लागली. ही विषमता मला आजही बोचते.

नव्वदच्या दशकात वाटांची माहिती देणारी पुस्तकं, संस्थांचे वार्षिक कार्यक्रम आणि महाविद्यालयांचे गट यांच्यामुळे गडाचा राबता वाढला. खरं वळण आणलं ते पाचनईच्या वाटेनं. गडाला सगळ्यात जवळचं हे गाव. रस्ता सुधारला, गाड्या थेट पायथ्याशी येऊ लागल्या आणि खिरेश्वरच्या पाच-सहा तासांच्या चालीऐवजी अडीच-तीन तासांत देऊळ गाठता येऊ लागलं. त्याच सुमारास पाचनईच्या लोकांनी वर खोपटी घातली. आधी लिंबू सरबत आणि ताक, मग पोहे, मग पिठलं-भाकरी.

या खोपट्यांकडे नाक मुरडून पाहणारे जुने भटके मी पुष्कळ पाहिले आहेत. गडाचा बाजार झाला, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. पहाटे खालून पिठाचा डबा आणि डोक्यावर सामान घेऊन चढणारी बाई दिवसभर चुलीपुढे बसून जी भाकरी थापते, त्या भाकरीनं या डोंगरातल्या घरांना भातशेतीपलीकडचा आधार दिला. पावसाळ्यानंतर मुंबई, नारायणगाव, संगमनेरच्या वाटेला लागणारे काही हात त्यामुळे गावात थांबले. रात्री पाय मुरगळलेल्याला पाठीवर घेऊन उतरणारेही हेच लोक आहेत. कोकणकड्याच्या बाजूनं चढणाऱ्या नळीच्या वाटेत किंवा कड्याजवळ कोणी अडकलं की पहिली हाक त्यांनाच जाते.

गडबड झाली ती त्यानंतरच्या लोंढ्यानं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात कोकणकड्याचा सूर्यास्त मावला आणि मुक्कामाची जागाच बदलली. कोकणकडा म्हणजे आत वळलेला, नालासारखा प्रचंड अर्धगोल. काठावर पोटावर झोपूनच खाली पाहायचं. ढग भरून आलेले असताना पाठीमागून ऊन पडलं तर गोल इंद्रधनुष्य दिसतं, ज्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याची नोंद केली होती. त्या कड्याच्या पठारावर आता सुट्टीच्या शनिवारी तंबूंच्या रांगा लागतात. ध्वनिवर्धक येतात. माणसं गुहेत होती तोवर मुक्कामाला भिंतींची मर्यादा होती. पठारावर ती उरली नाही.

जास्त माणसांचा पहिला घाव पाण्यावर पडतो. गडावरची टाकी पावसाचं पाणी साठवतात, मार्च-एप्रिलपर्यंत ती पुरवावी लागतात. शेकडो माणसांचा प्रातर्विधी त्याच उतारांवर झाला की पहिल्याच पावसात तो टाक्यांच्या दिशेनं वाहतो. प्लास्टिकवर सगळे बोलतात आणि स्वच्छता मोहिमांत पोतीच्या पोती खाली येतात. मानवी मैल्यावर कोणी बोलत नाही. पाण्यापासून किमान 60 मीटर दूर, वीतभर खड्डा खणून माती लोटायची, एवढं साधं शिक्षण तंबू-सहली विकणारे सहसा देत नाहीत.

दुसरा घाव उजेडाचा. याच अभयारण्याच्या भंडारदऱ्याकडच्या भागात पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडं उजळतात. नर लुकलुकून मादीला बोलावतो. गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्यांच्या झोतात ती हाक विरून जाते. ज्यासाठी लोक येतात तेच त्यांच्या येण्यानं विस्कटतं.

शासनानं हात बांधून ठेवले होते असं म्हणता येणार नाही. साहसी उपक्रमांच्या सुरक्षेसाठी 2018 साली शासन निर्णय निघाला, 2021 साली राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित नेते, प्रथमोपचार अशा गोष्टी कागदावर आल्या. त्यांची गरज होतीच. जानेवारी 2020मध्ये ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा याच कोकणकड्यावर मृत्यू झाला. आयुष्य सह्याद्रीत घालवलेल्या माणसालाही हा कडा क्षमा करत नाही, मग पहिल्यांदा डोंगर पाहणाऱ्या तीस-चाळीस जणांच्या घोळक्यांची जबाबदारी केवढी मोठी असेल.

पण हे सारे नियम माणसाच्या जिवाचे आहेत. एका रात्री या पठारानं किती माणसं पेलावीत, हे त्यांतून ठरत नाही. माझ्या मते तो आकडा पाचनई, खिरेश्वर आणि कोकणकड्याखालच्या वाल्हीवऱ्याच्या लोकांनी वन विभागाच्या सोबतीनं ठरवावा आणि राबवावा. पाणी कधी आटतं, बिबट्या कुठून उतरतो, कारवी कुठे दाट आहे, हे त्यांना कोणत्याही कार्यालयापेक्षा जास्त ठाऊक आहे. मुक्कामाचं शुल्क गावाच्या समितीकडे जावं, त्यातून टाक्यांची राखण आणि शौचालयं व्हावीत. आज शहरात बसून तंबूंची नोंदणी घेणारा पैशाचा मोठा वाटा नेतो आणि कचरा गावाच्या वाट्याला येतो. ही वाटणी उलटी व्हायला हवी.

तुम्ही जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळून जा. मुक्कामाला परवानगी आहे का, हे निघण्याआधी वन विभागाकडे आणि पाचनईत विचारा. शेकोटी पेटवू नका, गाणी हळू म्हणा, जेवण गावातल्या माणसाकडे घ्या आणि त्याचे पैसे थेट त्याच्या हातात द्या.